मागे फिरलेला वीर : अर्नेस्ट शॅकल्टन



या महिन्याच्या भित्तिपत्रकासाठी गुरुजींनी प्रत्येकाला एका थोर माणसाची माहिती लिहायला सांगितली. कुणी लोकमान्य टिळक घेतले, कुणी सावित्रीबाई घेतल्या. मी अर्नेस्ट शॅकल्टन यांची माहिती लिहिणार आहे. हे नाव ऐकून वर्गातली पोरं हसली, कारण ते म्हणायला अवघड आहे. पण त्यांची गोष्ट अवघड नाही. मी हेच नाव का घेतलं ते आधी सांगते.

गेल्या श्रावणात एका रविवारी आईने मला शेतावर अण्णांची भाकरी घेऊन धाडलं. माझ्याबरोबर माझा धाकटा भाऊ आणि शेजारची पहिलीतली मुलगी होती. वाटेत ओढा लागतो. एरवी त्याला घोट्याएवढं पाणी असतं. त्या दिवशी वर डोंगरात पाऊस झाला असावा. पाणी गढूळ झालं होतं आणि काटक्या वाहत येत होत्या. शेजारच्या मुलीला काठावर उभं करून मी भावाचा हात धरला आणि मधल्या दगडापर्यंत गेले. पाणी माझ्या गुडघ्याच्या वर आलं, म्हणजे भावाच्या कमरेला लागलं. पलीकडे आमचं शेत दिसत होतं. आमचे बैल पण दिसत होते. मला पोहता येत नाही. मी मागे फिरले आणि दोघांना घेऊन घरी आले. भाकरी तशीच परत आली. अण्णा दिवेलागणीला, ओढा ओसरल्यावर घरी आले. दिवसभर त्यांच्या पोटात काही नव्हतं.

माझा दादा नववीत आहे. तो म्हणाला की एवढ्या पाण्यातून तो कितीदा गेला आहे, आणि मी भित्री भागूबाई आहे. अण्णा काहीच बोलले नाहीत. तेच मला जास्त लागलं. रात्री मी गोधडीत तोंड घालून लई रडले.

पुढच्या शनिवारी गोष्टीच्या तासाला गुरुजींनी शॅकल्टन यांची गोष्ट सांगितली. मी ती नंतर गुरुजींना दोनदा विचारून घेतली आणि वहीत उतरवली. तीच आता लिहिते.

अर्नेस्ट शॅकल्टन यांचा जन्म १५ फेब्रुवारी १८७४ रोजी आयर्लंड देशातील किल्डेअर परगण्यात किलकी या ठिकाणी झाला. त्यांचे वडील शेती करत. घरात एकूण १० भावंडे होती, ८ बहिणी आणि २ भाऊ. शेती परवडेना म्हणून वडिलांनी १८८० साली शेत सोडलं. ते डब्लिन शहरात गेले आणि एवढे मोठे झाल्यावर पुन्हा शिकायला बसले. शिकून ते डॉक्टर झाले. मग १८८४ साली सगळं कुटुंब लंडनला गेलं.

लहान अर्नेस्ट शाळेत काही फार हुशार नव्हता. वर्गात त्याचं मन रमत नसे. पुस्तके वाचायची मात्र त्याला आवड होती. आपल्यासारखंच मुलानेही डॉक्टर व्हावं असं वडिलांना वाटे. पण अर्नेस्टला समुद्राचं वेड लागलं होतं. १८९० साली, वयाच्या १६ व्या वर्षी, तो एका शिडाच्या जहाजावर शिकाऊ खलाशी म्हणून लागला. पहिल्याच सफरीत त्याचं जहाज दक्षिण अमेरिकेच्या टोकाला वळसा घालून गेलं. तिथला समुद्र फार वादळी असतो.

इथे गुरुजींनी मला एक गोष्ट मुद्दाम लिहायला सांगितली. शॅकल्टन यांनी शाळा लवकर सोडली, म्हणून आपणही सोडावी असा अर्थ कुणी काढू नये. त्यांनी शाळा सोडली पण शिकणं सोडलं नाही. जहाजावर काम करता करता त्यांनी एकेक परीक्षा दिली. १८९८ साली, २४ व्या वर्षी, जहाजाचा कप्तान होण्याची परीक्षा ते पास झाले.

आता दक्षिण ध्रुव म्हणजे काय ते सांगते. आपल्या ऑफिसात पृथ्वीचा गोल आहे. तो खालून ज्या खिळ्यावर फिरतो, तिथे दक्षिण ध्रुव. त्याच्याभोवती अंटार्क्टिका नावाचा खंड आहे. तिथे सगळीकडे बर्फच बर्फ. झाड नाही, गाव नाही. आपला उन्हाळा असतो तेव्हा तिकडे हिवाळा सुरू होतो, आणि हिवाळ्यात कित्येक दिवस सूर्यच उगवत नाही. त्या काळी दक्षिण ध्रुवावर कुणीच माणूस पोचला नव्हता. आपण पहिले जावं असं पुष्कळ देशांच्या लोकांना वाटे.

शॅकल्टन पहिल्यांदा तिकडे १९०१ साली गेले. त्या मोहिमेचे पुढारी कप्तान स्कॉट होते. १९०२ च्या डिसेंबर अखेरपर्यंत स्कॉट, विल्सन आणि शॅकल्टन हे तिघं ध्रुवाच्या दिशेने पुष्कळ पुढे गेले. पण त्यांना स्कर्व्ही नावाचा आजार झाला. ताजी भाजी, लिंबू, आवळा असं काही खायला मिळालं नाही की हा आजार होतो. हिरड्या सुजतात, अंगातली ताकद जाते. शॅकल्टन यांची तब्येत सगळ्यांत जास्त बिघडली. तिघं कसेबसे परत आले. १९०३ साली शॅकल्टन यांना आजारी म्हणून घरी पाठवून दिलं. त्यांना किती वाईट वाटलं असेल ते मला कळतं.

पण ते रडत बसले नाहीत. पैसे जमवून १९०७ साली त्यांनी स्वतःची मोहीम काढली. जहाजाचं नाव निमरॉड. ऑक्टोबर १९०८ मध्ये ते आणि तीन सोबती ध्रुवाकडे निघाले. सोबत्यांची नावे वाइल्ड, मार्शल आणि अ‍ॅडम्स. बरोबर ४ तट्टू होते. ते बर्फावरून बिनचाकी गाड्या ओढत. एकेक करून तट्टू संपले. शेवटचा तट्टू बर्फाच्या खोल भेगेत पडला. मग माणसांनीच गाड्या ओढल्या. खाणं कमी होत चाललं, म्हणून रोजचा वाटा अजून कमी केला.

९ जानेवारी १९०९ या दिवशी ते अशा ठिकाणी पोचले, की ध्रुव फक्त १८० किलोमीटर राहिला होता. आपल्या एसटीला हे चार-पाच तासांचं अंतर आहे. तोपर्यंत जगातला कोणताही माणूस दक्षिणेला इतका लांब गेला नव्हता. आणखी काही दिवस चालले असते तर ते ध्रुवावर पोचले असते. सगळ्या जगात त्यांचं नाव पहिलं झालं असतं. पण शॅकल्टन यांनी खाण्याचा हिशेब केला. जायला पुरेल, यायला पुरणार नाही, असा तो हिशेब होता. त्यांनी राणीने दिलेला झेंडा तिथेच रोवला आणि चौघं मागे फिरले.

इथे गुरुजी गोष्ट सांगता सांगता थांबले होते. मला मात्र तेव्हा ओढ्यातला दगड दिसला.

परतीची वाट सोपी नव्हती. भुकेने सगळ्यांचे हाल झाले. वाइल्ड यांचं पोट बिघडलं, त्यांना चालवेना. तेव्हा एका सकाळी शॅकल्टन यांनी आपल्या वाट्याचं एकुलतं एक बिस्कीट वाइल्ड यांना बळेच खायला लावलं. उपाशी माणसाने आपलं बिस्कीट देणं म्हणजे काय, ते दिवसभर उपाशी राहिलेल्या माणसालाच कळेल. वाइल्ड ते जन्मभर विसरले नाहीत. जहाजाजवळ आल्यावर मार्शल आजारी पडून मागे राहिले होते आणि अ‍ॅडम्स त्यांच्याजवळ थांबले होते. शॅकल्टन स्वतः दमलेले होते, तरी त्या दोघांना आणायला परत गेले. चौघंही जिवंत घरी आले. राजाने शॅकल्टन यांना सर ही पदवी दिली.

पुढे १४ डिसेंबर १९११ रोजी नॉर्वे देशाचे अ‍ॅमुंडसेन दक्षिण ध्रुवावर पहिले पोचले. १७ जानेवारी १९१२ रोजी कप्तान स्कॉट आणि त्यांचे चार सोबती पोचले, पण ते पाचही जण परतीच्या वाटेवर मरण पावले. ते फार शूर होते. मी त्यांना नावं ठेवत नाही. पण त्यांच्या घरचे लोक वाट बघत राहिले असतील, असं मनात आलं.

ध्रुवाचा मान तर गेला. मग शॅकल्टन यांनी ठरवलं की अंटार्क्टिका एका बाजूने दुसऱ्या बाजूला पार करायचा. १९१४ साली ते निघाले. जहाजाचं नाव एन्ड्युरन्स, म्हणजे सोशिकपणा. जहाजावर २८ माणसे होती. त्यातला एक ब्लॅकबरो नावाचा १८ वर्षांचा पोरगा जहाजावर चोरून लपून आला होता. सापडला तेव्हा शॅकल्टन त्याच्यावर खूप रागावले. खायला संपलं तर पहिल्यांदा तुलाच खाऊ, असा त्यांनी त्याला दम दिला, असे सांगतात. मग हसून त्याला कामाला घेतलं.

जानेवारी १९१५ मध्ये जहाज समुद्रातल्या बर्फात अडकलं. चिखलात गाडीचं चाक रुततं तसं. कित्येक महिने ते बर्फातून सुटलं नाही. मे महिन्यापासून जुलै संपत येईपर्यंत सूर्य दिसला नाही. शॅकल्टन यांनी कुणाला नुसतं बसू दिलं नाही. कुत्र्यांच्या गाड्यांच्या शर्यती लावल्या, बर्फावर फुटबॉल खेळायला लावलं, रात्री गाणी म्हणायला लावली. माणूस रिकामा बसला की भीती वाढते, हे त्यांना माहीत होतं.

शेवटी बर्फाने जहाज अक्रोडासारखं फोडलं. २७ ऑक्टोबर १९१५ रोजी सगळे जहाज सोडून बर्फावर उतरले. २१ नोव्हेंबरला जहाज बुडालं. इतकी वर्षं ज्या कामाची तयारी केली ते काम संपलं. त्याच वेळी शॅकल्टन यांनी नवं काम ठरवलं. खंड पार करायचा नाही, सगळ्या माणसांना घरी न्यायचं. बरोबर प्रत्येकी सुमारे १ किलोच सामान घ्यायचं असं सांगितलं. पहिल्यांदा त्यांनी स्वतःजवळची सोन्याची नाणी बर्फावर टाकून दिली. एका सोबत्याचा बँजो मात्र घ्यायला लावला. बँजो हे तारांचं वाद्य आहे, आणि ते जड होतं. पण गाण्याने माणसाला धीर येतो.

एक गोष्ट मला आवडली नाही. खायला पुरणार नाही म्हणून कुत्र्यांना, आणि जहाजावरच्या सुताराच्या मांजराला सुद्धा, गोळी घालावी लागली. हे लिहू का, असं मी गुरुजींना विचारलं. ते म्हणाले की थोर माणसाची माहिती असली तरी खरं ते लिहावं. म्हणून लिहिलं.

पाच महिने ते बर्फावर तंबू ठोकून राहिले. ९ एप्रिल १९१६ रोजी बर्फ फुटला. तेव्हा तीन होड्या पाण्यात टाकून ते निघाले आणि १५ एप्रिलला एलिफंट नावाच्या ओसाड बेटावर पोचले. तिकडून कधी कुठलं जहाज जात नसे. मग शॅकल्टन यांनी २२ माणसांना वाइल्ड यांच्या हाती सोपवलं, आणि २४ एप्रिलला ५ सोबती घेऊन ते मदत आणायला निघाले. होडी सुमारे २२ फूट लांब. आपल्या वर्गाच्या लांबीएवढी. आणि जायचं होतं साउथ जॉर्जिया बेटावर, सुमारे १३०० किलोमीटर, जगातल्या सगळ्यांत वादळी समुद्रातून. लाटा डोंगराएवढ्या. होडीवर बर्फ साचे, तो फोडून काढावा लागे. वाट शोधायला सूर्य दिसावा लागतो, तो मोजक्याच वेळा दिसला. तरी वर्स्ली या सोबत्याने बरोबर दिशा धरली. १० मे रोजी ते बेटाला लागले.

पण माणसांची वस्ती बेटाच्या पलीकडच्या बाजूला होती. मधे बर्फाचे डोंगर. तिकडे कुणी गेलेलं नव्हतं, नकाशा नव्हता. शॅकल्टन, वर्स्ली आणि क्रीन यांनी बुटाच्या तळाला स्क्रू ठोकले आणि चालायला लागले. एका ठिकाणी दोघांना झोप लागली. त्या थंडीत झोपलेला माणूस परत उठत नाही. शॅकल्टन एकटे जागे राहिले. त्यांनी पाच मिनिटांनी दोघांना उठवलं आणि अर्धा तास झोपलात असं खोटंच सांगितलं, म्हणजे त्यांना हुशारी वाटावी. असं खोटं बोललेलं चालतं असं मला वाटतं. ३६ तास चालून २० मे रोजी ते देवमासे पकडणाऱ्या लोकांच्या वस्तीत पोचले. दाढ्या वाढलेल्या, अंगावर काजळी. त्यांना बघून दोन लहान मुलं पळूनच गेली.

आता शॅकल्टन यांना ऊनऊन जेवण आणि गादी मिळाली होती. पण ते बसले नाहीत. एलिफंट बेटाकडे त्यांनी एक जहाज नेलं, बर्फाने अडवलं. दुसरं नेलं, अडवलं. तिसरं नेलं, तेही परत फिरलं. चौथ्या वेळी चिली देशाचं येल्चो नावाचं छोटं जहाज घेऊन ३० ऑगस्ट १९१६ रोजी ते तिथे पोचले. त्या २२ जणांनी चार महिने दोन उलट्या होड्यांच्या खाली दिवस काढले होते. पेंग्विन आणि सील खाऊन ते जगले होते. ब्लॅकबरोच्या पायाची बोटे थंडीने गेली होती. शॅकल्टन यांनी होडीतूनच लांबून माणसे मोजली. सगळीच्या सगळी २२ भरली.

मोहिमेची दुसरी तुकडी अंटार्क्टिकाच्या पलीकडच्या बाजूला होती. त्यातली ३ माणसे मात्र मरण पावली. उरलेल्या ७ जणांना आणायलाही शॅकल्टन जहाजाबरोबर गेले.

शॅकल्टन यांना पैसा राखता आला नाही. त्यांचे धंदे बुडाले, डोक्यावर कर्ज राहिलं. तरी १९२१ साली ते शेवटच्या सफरीला निघाले. या वेळी त्यांनी स्काउटमधून दोन मुले निवडली. एकाला बोट फार लागली म्हणून तो परत गेला. दुसरा जेम्स मार, १८ वर्षांचा. तो पुढे मोठा होऊन समुद्रातल्या जीवांचा शास्त्रज्ञ झाला. ५ जानेवारी १९२२ रोजी साउथ जॉर्जिया बेटाजवळ जहाजावरच शॅकल्टन यांचं हृदयाच्या झटक्याने निधन झालं. तेव्हा ते फक्त ४७ वर्षांचे होते. त्यांची समाधी त्याच बेटावर आहे. त्यांचं बुडालेलं जहाज ५ मार्च २०२२ रोजी समुद्राच्या तळाशी, ३००८ मीटर खोल सापडलं. त्याच्यावरचं नाव अजून वाचता येतं.

गुरुजींनी आणखी एक माहिती दिली. आपल्या भारताची पहिली तुकडी १९८१ साली गोव्याहून निघाली आणि ९ जानेवारी १९८२ रोजी अंटार्क्टिकावर उतरली. शॅकल्टन मागे फिरले ती तारीखही ९ जानेवारीच. आता तिथे आपली मैत्री आणि भारती ही दोन केंद्रे आहेत.

ही गोष्ट मोठ्या मुलांनी जास्त वाचावी असं मला वाटतं. लहान मुलांना आई हात धरून मागे ओढते. नववी-दहावीच्या मुलांना कुणी ओढत नाही, आणि मित्र भित्रा म्हणतील म्हणून ती पुढे जातात. शॅकल्टन १६ व्या वर्षी घर सोडून समुद्रावर गेले, त्यांना भित्रा कोण म्हणेल? पण त्यांनी पुढे जायच्या आधी परत यायचा हिशेब केला. आणि मागे फिरल्यावर ते घरात बसले नाहीत, पुन्हा निघाले. आमची आजी शिर सलामत तर पगडी पचास म्हणते, ते हेच.

हा लेख कच्चा लिहून झाला तेव्हा मी तो रात्री घरी सगळ्यांना वाचून दाखवला. ९ जानेवारीचं वाचून झालं तेव्हा अण्णा बोलले. त्या रविवारी ते पलीकडच्या काठावर निरगुडीच्या मागे होते. मी भावाला घेऊन दगडावर उभी होते ते त्यांनी बघितलं होतं. ते मागे जा म्हणून ओरडत होते, पण पाण्याच्या आवाजात मला ऐकू आलं नाही. मी वळले तेव्हा ते तिथेच मटकन खाली बसले. त्या दिवशी त्यांना भूक लागलीच नाही, असं ते म्हणाले.

दादा काही बोलला नाही. पण परवा पाणी गढूळ होतं तेव्हा तो भाकरी घेऊन पुलावरून, लांबच्या वाटेने गेला.

मुलांनो, पावसाळ्यात ओढ्याला पाणी आलं तर तुम्हीही मागे फिरा. कुणी हसलं तर त्याला शॅकल्टन यांची गोष्ट सांगा. नाव नीट म्हणता आलं नाही तरी चालेल.



इयत्ता चौथी, हजेरी नंबर ११